वाळूच्या वाफ्यातलं लोकोवीड

14 जानेवारी, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

टपालात बियांची पाकिटं आली. नॉर्थ अमेरिकन रॉक गार्डन सोसायटी ही 1934 सालची संस्था. सभासदांनी गोळा केलेलं बी ती दर हिवाळ्यात सभासदांनाच वाटते. यंदा मी यादीत दोनच नावांवर अडून बसले होते, ऑक्सिट्रोपिस मल्टिसेप्स आणि ऑक्सिट्रोपिस लँबर्टाय. पहिली डोंगरातली, खडकाला बिलगून बोटभर उंचीवर थांबणारी. दुसरी माळावरची, वीतभर उंच जांभळ्या तुऱ्यांची. इथले गुरंवाले दोन्हींना लोकोवीडच म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा उच्चारतात.

गेल्या जूनमध्ये वायोमिंगात लॅरमीजवळ, वीडावूच्या खडकांत मी मल्टिसेप्स पहिल्यांदा पाहिली. उंची अडीच हजार मीटरच्या आसपास. पायाखाली माती म्हणावी असं काही नव्हतं, होता तो गुलाबी ग्रॅनाइटचा भुगा. त्यात रुपेरी पानांचे हातभर पसरलेले गादे आणि त्या पानांना टेकलेली जांभळी-गुलाबी फुलं. अंगातलं जाकीट उडून जाईल असा वारा होता, पण त्या झाडाचं पान हलत नव्हतं. मी तिथेच पोटावर आडवी झाले आणि किती तरी वेळ उठले नाही.

उपटून आणायचा विचारही मनात आणू नये. जंगल सरकारी आहे, हे एक. दुसरं म्हणजे याचं सोटमूळ खडकाच्या फटीत इतकं खोल जातं की ते तुटल्याशिवाय निघत नाही, आणि तुटलं की रोप गेलं. बी हाच एक रस्ता.

22 जानेवारी

बाहेर उणे 18. दिवसभर जुने अहवाल वाचत बसले. ज्या झाडाला घरात आणायचं त्याची कुंडली आधी माहीत हवी.

कोलोरॅडोच्या सरकारनं 1881 ते 1885 या काळात लोकोवीड खणून आणणाऱ्याला वजनावर इनाम दिलं. जवळजवळ 2 लाख डॉलर त्यात गेले, माळ होता तसाच राहिला. जमिनीत वर्षानुवर्षं निजलेलं बी पहिल्या ओल्या हंगामात पुन्हा वर आलं. घोडे, गुरं, मेंढरं खंगून मरत होती आणि रसायनशास्त्रज्ञांना झाडात विष सापडत नव्हतं, त्यामुळे हा आजारच खोटा असं म्हणणारेही होते. 1905 मध्ये केंद्राच्या कृषी खात्यानं कोलोरॅडोत ह्यूगो इथे ठाणं मांडलं. सी. ड्वाइट मार्श यांनी तिथे जनावरांना मोजून लोकोवीड खाऊ घातलं, आजार डोळ्यांसमोर घडताना पाहिला आणि 1909 मध्ये अहवाल छापला. आजार झाडामुळेच होतो, हे तेव्हा नक्की झालं. कशामुळे होतो ते मात्र नाही. दरम्यान 1908 मध्ये बेरियमवर बोट ठेवून झालं होतं, तेही पुढे टिकलं नाही.

खरं उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. तिथल्या स्वेन्सोना नावाच्या रानवाटाण्यानं मेंढरं अशीच भ्रमिष्ट होत. त्यातून 1979 मध्ये स्वेन्सोनीन वेगळं काढलं गेलं आणि 1982 मध्ये तेच द्रव्य अमेरिकेतल्या लोकोवीडमध्ये सापडलं. पेशीत साखरेच्या साखळ्या तोडणारं एक विकर असतं, ते हे द्रव्य अडवून धरतं. न तुटलेल्या साखळ्या पेशीत साठत जातात आणि मेंदूतल्या पेशी फुगतात. खाणं थांबलं की स्वेन्सोनीन रक्तातून काही दिवसांत निघून जातं, पण मज्जापेशींचं जे झालं ते झालं. म्हणून लोकोवीड लागलेल्या घोड्यावर, तो बरा दिसला तरी, पुन्हा बसू नये म्हणतात.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे विष झाड बनवतच नाही. झाडाच्या आत राहणारी एक बुरशी ते बनवते. 2003 मध्ये ती ओळखली गेली. पानावर डाग नाही, रोपात मरगळ नाही, बाहेरून पत्ता लागत नाही. बुरशी बीच्या सालीत बसून आईकडून पोरीकडे जाते. साल काढून बी रुजवलं तर रोप बुरशीवाचून वाढतं आणि त्यात विष सापडत नाही, हे प्रयोगशाळेत दाखवून झालं आहे. म्हणून एकाच जातीची काही माळांवरची झाडं विषारी असतात आणि काही माळांवरची नसतात.

शंभर वर्षं ज्या झाडाला लोकांनी कुदळीनं आणि औषधानं मारलं, त्याच्या डोक्यावरचा आरोप निम्मा दुसऱ्याचा होता. हे वाचून मला फार वाईट वाटलं. गुरंवाल्याला त्याचा उपयोग काय, हेही कळतं. त्याचं जनावर बुरशीनं मेलं की झाडानं, मेलं ते मेलंच.

3 फेब्रुवारी

कुंपणापलीकडच्या शेजारीणबाईंना आज सांगून टाकलं. त्यांचे घोडे आहेत, कुरण माझ्या वाफ्यापासून हाकेच्या अंतरावर. सत्तरी पार केलेल्या बाई, सगळं आयुष्य गुरांत गेलेलं. त्या रागावल्या नाहीत. वडिलांच्या एका घोडीची हकिकत सांगितली. मान खाली, नजर हरवलेली. जमिनीवर काठी पडलेली असली तर ती ओलांडायला घोडी पाय इतका उंच उचलायची की समोर ओंडका आहे असं वाटावं. दोरीचा तुकडा दिसला तरी उधळायची. मला म्हणाल्या, “तुम्ही फुलं बघा. मी मात्र ती घोडी बघते.”

मी शब्द दिला: वाफा कुंपणाच्या आत राहील, आणि उपटलेलं एक पानही त्यांच्या बाजूला पडणार नाही.

25 फेब्रुवारी

काल-आज बी जागं करायचं काम. दाणा दोन मिलिमीटरचा, मूत्रपिंडाच्या आकाराचा, तपकिरी आणि गुळगुळीत. साल इतकी टणक की नुसतं भिजत घातलं तर आठवडाभर पाण्यात तसाच पडून राहतो. मटकी भिजवताना एखादा गणंग दाणा फुगायचं नावच घेत नाही; इथे बहुतेक सगळेच गणंग. रानात थंडी, ऊन आणि वाळूची घासाघीस मिळून काही वर्षांत हे काम करतात. घरी पॉलिश पेपर करतो.

पेपरच्या दोन तुकड्यांत दाणे धरून चार-पाच वेळा हलकेच फिरवायचे, चकाकी गेली की थांबायचं. लँबर्टायचं बी मी असंच घासलं. मल्टिसेप्सचं मोजकंच होतं, म्हणून भिंगाखाली एकेक दाणा चिमट्यात धरून नेलकटरनं टवका काढला. टवका खाचेच्या विरुद्ध बाजूला काढायचा, कारण खाचेजवळ अंकुर असतो. मग कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी फुगलेले दाणे तळाशी दुप्पट झालेले दिसतात. जे फुगले नाहीत त्यांना पुन्हा टवका.

फुगलेल्या दाण्यांपैकी मल्टिसेप्सच्या सगळ्यांची साल चिमट्यानं सोलून काढली. भिजल्यावर ती ओल्या कागदासारखी सुटते. लँबर्टायचे अर्धे सोलले आणि अर्धे सालीसकट ठेवले, कुंड्यांना वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावल्या. सालवाली रोपं मागच्या भिंतीजवळच्या दगडी कुंडात जातील, घोड्यांपासून सगळ्यात लांब. दोन्ही शेजारी शेजारी वाढताना मला बघायची आहेत.

1 मार्च

मोड आले. चौथ्या दिवशी बहुतेक सगळे.

19 मार्च

कुंडीबद्दल लिहून ठेवते, कारण विचारणारे हेच विचारतात.

कुंडी अरुंद आणि वीतभर खोल हवी. वर दोन दलं आणि नखाएवढं पहिलं पान दिसतं तेव्हा खाली मूळ तळाच्या भोकाशी पोहोचलेलं असतं. मिश्रणात निम्मी भरड वाळू, पाव भाग प्युमिस आणि उरलेल्यात बागेची साधी माती. शेणखत नको, कंपोस्ट नको. याच्या मुळांवर गाठी येतात आणि नत्र हे स्वतःच हवेतून मिळवतं, आपण घातलेल्या खतानं ते उंच, मऊ आणि अल्पायुषी होतं. गाठींचे जीवाणू लवकर भेटावेत म्हणून ओळखीच्या एका बागेतल्या जुन्या लोकोवीडच्या बुडाची चमचाभर माती प्रत्येक कुंडीत मिसळली. वर बोटभर जाडीचा खडीचा थर. रोपाचा कंठ, म्हणजे मूळ आणि पानं जिथे भेटतात ती जागा, कोरड्या खडीत राहिली पाहिजे. रोपं कोलमडतात ती तिथेच कुजून.

पाणी तळातून द्यायचं आणि मग विसरायचं. ऊन मात्र पहिल्या दिवसापासून. खिडकीतल्या उन्हावर याचं भागत नाही, म्हणून दुपारी उणे नसेल तर कुंड्या ओट्यावर ठेवते आणि संध्याकाळी आत घेते.

सोललेल्या आणि न सोललेल्या रोपांत आज तरी काही फरक नाही.

6 एप्रिल

सकाळी गावाकडून आप्पांचा फोन. दहिवडीकडे तिन्हीसांज झाली होती, गोठ्यात म्हशीच्या पुढ्यात वैरण टाकता टाकता बोलत होते.

“काय लावलंयस म्हणं कुंडीत? इख?”

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मधे म्हशीला दोन शब्द सुनावले.

“पोरी, कवळी ज्वारी काय इख न्हाई व्हय? पावसानं ओढ दिली आन् जनावर गुडघाभर पिकात शिरलं की किराळ लागतंय. घटकाभरात पोट फुगून आडवं. म्हणून ज्वारी पेरायची कुणी थांबलंय का? जनावर बांधायचं असतंय.”

किराळ लागतं ते ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यातल्या सायनाइडनं, आणि ताणात वाढलेल्या पिकात ते जास्त असतं. लोकोवीडला घटका नाही, आठवडे लागतात. जनावर रोज थोडं थोडं खात राहतं आणि मालकाला उशिरा कळतं. पण आप्पांचा मुद्दा मला पटला. कोणती गोष्ट कुठे वाढते, जनावर तिथे कधी पोचतं आणि त्या वेळी त्याच्यापुढे दुसरं काय खायला असतं, हे तिन्ही एकत्र पाहावं लागतं. इथे माळावर वसंतात गवत अजून पिवळं असतं तेव्हा लोकोवीड हिरवं होतं. जनावर भुकेनं तोंड लावतं, आणि एकानं लावलं की बाकीची त्याचं बघून शिकतात.

28 एप्रिल

रोपं बाहेर लावली. कोवळी असतानाच लावायची. या वनस्पतीची मोठी झालेली रोपं हलवू नयेत.

वाफा म्हणजे जुन्या मातीवर फूटभर भरड वाळूचा ढीग, दक्षिणेकडे उतरता. त्याच्या वरच्या टोकाला सपाट दगड उभे रोवले आहेत, दोन दगडांत दोन-तीन बोटांची फट. ही चेक बागायतदारांची रीत आणि कोलोरॅडोनं ती मनापासून उचलली. डेन्व्हर बोटॅनिक गार्डन्सच्या रॉक अल्पाइन गार्डनमध्ये मी पहिल्यांदा अशा दगडांतून झाडं पाहिली. पनायोटी केलायडिस यांनी 1980 च्या सुमारास ती बाग उभी करायला घेतली आणि रॉकीज डोंगरातल्या रानफुलांना तिथे मानाची जागा दिली. त्यांच्याही आधी, साउथ डकोटात क्लॉड बार नावाचा रँचवाला माळावरची फुलं आयुष्यभर वाढवत होता आणि टपालानं विकत होता. बार 1982 मध्ये गेले, त्यांचं पुस्तक 1983 मध्ये निघालं. गुरं राखणाऱ्या माणसानंच या झाडांवर इतका जीव लावला, याचं मला फार बळ वाटतं.

फटीत रोप लावताना कुंडीची माती पाण्यात धुऊन काढली आणि उघडं मूळ सरळ खाली सोडलं. मूळ दुमडता कामा नये. मग चमच्यानं वाळू, बारीक काडीनं ठोसत. हात बधिर झाले, कारण वाळू अजून गार आहे.

11 मे, पॉनी ग्रासलँड

पांढरं लोकोवीड, ऑक्सिट्रोपिस सेरिसिया, भर फुलात. लँबर्टाय अजून कळीत, त्याची वेळ जूनची. दोन्ही शेजारी वाढतात आणि मधे फिकट जांभळ्या रंगाची संकरित झाडंही दिसतात, तेव्हा ओळख पटवायला फुलाचा रंग पुरत नाही.

भिंग काढलं. सेरिसियाच्या पानावरची लव बुडाशी चिकटलेली, साध्या केसासारखी. लँबर्टायच्या पानावरचा प्रत्येक केस मधोमध चिकटलेला असतो. दोन्ही टोकं मोकळी, पानाला समांतर निजलेली. सुईच्या टोकानं एक बाजू दाबली की दुसरी उचलते. ऊन तिरपं आलं आणि सगळे केस एकदम चमकले. ही जात मी आता अंधारातसुद्धा ओळखेन.

17 जून

दुपारी पाच मिनिटं गारा. दोन सेंटिमीटरच्या. गल्लीतले टोमॅटो, भोपळे यांच्या चिंध्या झाल्या. वाळूच्या वाफ्यातलं एक पान फाटलं नाही. जमिनीला धरून राहायचं आणि पर्णिका इंचाच्या आत ठेवायच्या, हा बेत कशासाठी आहे ते पाच मिनिटांत समोर दिसलं.

20 ऑगस्ट

लँबर्टायचं एक रोप तीन दिवसांत पिवळं पडून बसलं. पाणी साचलेलं नव्हतं, कंठ कोरडा होता. हलकं ओढलं तर हातात आलं. सोटमूळ उभं चिरलं, आत पोकळ बोगदा, बोगद्यात भुसा, आणि भुशात पाय नसलेली, वाकडी, मलई रंगाची अळी. सोंडकिड्याची. माळावर दुष्काळात लोकोवीडचे ताटवेच्या ताटवे अचानक नाहीसे होतात, त्यात या सोंडकिड्याचा वाटा मोठा. 1881 मध्ये कुदळीला जे जमलं नाही ते अळी गुपचूप करते.

बाकीची मुळं उकरून बघायचा मोह आवरला. औषध मारणार नाही. फूल आलं की त्यावर भुंगे येतील, आणि ते मला हवे आहेत.

पुढच्या वर्षीचं, 18 मार्च

हिवाळाभर वाफ्यावर काही झाकलं नव्हतं. बर्फ पडतो, वाऱ्यानं उडतो, वाळू कोरडीच राहते. इथे वर्षाला जेमतेम 400 मिलिमीटर पाऊस-बर्फ. महाबळेश्वरला हे झाड एक आषाढ काढणार नाही. पुण्यात कुणी हौसेनं लावायचं म्हटलं तरी मी नको म्हणेन, थंडीची झोप मिळाल्याशिवाय ते जगत नाही. आपल्याकडे याची भावंडं बघायची तर लडाख-स्पितीत, तिथे या कुळीच्या जाती खडीतच वाढतात.

आज मल्टिसेप्सच्या मधोमध नवे रुपेरी पोंगे. आजूबाजूचं सगळं गवत अजून मेलेलं. कुंपणापलीकडच्या घोड्यांकडे बघितलं आणि आप्पा आठवले. शेजारीणबाईंच्या कुरणाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात सेरिसिया आहे, मी गेल्या वर्षीच पाहिली होती. संध्याकाळी जाऊन दाखवली. त्या म्हणाल्या, फवारणीवाल्याला बोलावते. मी म्हटलं, तेवढा कोपरा तारेनं तोडा आणि गवत वर येईपर्यंत घोडे तिकडे सोडू नका, एखाद्यानं तोंड लावलेलं दिसलं तर त्याला लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा. त्या विचार करते म्हणाल्या.

24 मे

मल्टिसेप्स फुलली. दांडी बोटभरही नाही, तिच्यावर दोन-तीनच फुलं, पण गाद्याच्या मानानं मोठी.

आपल्या वाटाण्याचीच रचना: वर उभा ध्वज, दोन बाजूंना पंख, त्यांच्यामध्ये दुमडलेलं नौतल. फरक नौतलाच्या टोकाशी आहे, तिथे मिलिमीटरभर लांबीची टोकदार चोच असते. जवळच्याच ॲस्ट्रॅगलस प्रजातीत हे टोक बोथट. भुंगा आला, पंखांवर उतरला, त्याच्या वजनानं नौतल खाली दबलं आणि चोचीच्या तोंडून पुंकेसर बाहेर येऊन त्याच्या पोटाला लागले. तो उडाला तसं सगळं पुन्हा मिटलं. मी गुडघ्यांवर बसून हे पुन्हा पुन्हा बघितलं. कुठलंही पुस्तक वाचून हे असं कळलं नसतं.

मागच्या दगडी कुंडात लँबर्टायच्या कळ्या आहेत. सालवाल्या रोपांना आणि वाफ्यातल्या सोललेल्यांना सारख्याच.

12 जून

मल्टिसेप्सची फुलं गेली. आता निदलपुंज फुगला आहे, कागदी, लालसर झाक असलेला, आणि शेंग त्याच्या आत बंद. उन्हात धरलं की दाण्यांची सावली दिसते. वाऱ्यानं हे फुगे गडगडत जातील, म्हणून आज प्रत्येक दांडीवर जाळीच्या पिशव्या बांधल्या. यातलं निम्मं बी ऑक्टोबरमध्ये थेट फटींत पेरायचं. कुंडीत न वाढलेलं मूळ जास्त खोल जाईल. उरलेलं पाकिटात भरताना वर लिहायचं: साल सोलून लावा, जनावरं असतील तिथे लावू नका.

संध्याकाळी शेजारीणबाई कुंपणाशी आल्या. कोपऱ्याची तार त्यांनी एप्रिलमध्येच ओढली होती, मी कामाच्या धबडग्यात विचारलंच नव्हतं. गवत आता घोट्याच्या वर आलं आहे, उद्या घोडे आत सोडते म्हणाल्या, पण पहिले दोन-तीन दिवस स्वतः खुर्ची टाकून बसणार, कोण कशाला तोंड लावतंय ते बघायला. मी सकाळी चहाचा थर्मास घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.